अभिजात दर्जाचे पेढे आणि प्राकृत शिकू पाहणारी मुलगी

आज जुळे सोलापुरात नात्यातल्या एका घरी वास्तुशांतीला गेले होते. पंगतीत भाचीच्या बारावीचा विषय निघाला. पुढे काय करणार, असे कोणीतरी विचारल्यावर तिने सरळ सांगितले की पुण्याला जाऊन बी. ए. ला संस्कृत घेणार आणि नंतर प्राकृतात एम. ए. करणार. त्यावर एका काकूंनी हळूच विचारले, "मार्क कमी पडले का गं?" आणि शेंगाच्या पोळीवर तूप वाढून घेत शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे आता घरचाच भटजी झाला की!" पंगत हसली. यजमानांचा दिवस होता म्हणून मी तिथे गप्प बसले; इथे बसणार नाही.

हेच काका ३ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकत होते. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत यांनाही तो दर्जा मिळाला, हे त्यांच्या गावीही नसावे. मराठीच्या प्राचीनतेचे जे दाखले आपण छाती फुगवून देतो, मग तो नाणेघाटातला सातवाहनांचा लेख असो की हाल राजाचा गाथासप्तशती हा गाथांचा संग्रह, ते प्राकृतात आहेत. अभिमान आपण मिरवायचा आणि वाचायचे कोणी? गाथासप्तशतीची चिकित्सक आवृत्ती १८८१ मध्ये लाइपझिगहून आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने काढली. पुढचेही काम त्यांच्यावरच सोपवायचे असेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे आमच्या पोरी उगाच कष्ट करणार नाहीत.

मी स्वतः कॉलेजात अर्धमागधी, म्हणजे प्राकृताचाच एक प्रकार, घेतली ती काही संस्कृतिरक्षणासाठी नव्हे. गुण चांगले पडतात, एवढेच कारण होते. वर्गात आम्ही चौघे होतो, तरी सर रोज हजेरी घेत आणि भरलेल्या सभागृहापुढे बोलावे तसे शिकवीत. एके दिवशी नेमलेले पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी फळ्यावर गाथासप्तशतीतली "भम धम्मिअ वीसत्थो" ही गाथा लिहिली. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते आहे, की बाबा, आता निर्धास्त हिंड, ते कुत्रे आज गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारून टाकले. सरांनी विचारले, "ही त्याला बोलावते आहे की हाकलते आहे?" कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर त्या वाटेला कशाला फिरकेल, आणि तिला तर त्याच झाडीत प्रियकराला भेटायचे आहे, हे उलगडेपर्यंत तास संपला होता. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनी, म्हणजे शब्दांमागचा सुचवलेला अर्थ, समजावून सांगताना हीच गाथा घेतली, हे सरांनी जाता जाता सांगितले. आजच्या पंगतीतल्या "मार्क कमी पडले का गं?" या प्रश्नाचा ध्वनी मला लगेच ऐकू आला, तो सरांचीच कृपा.

नोकऱ्या कमी आहेत, हे मान्य. पीएच. डी. करून तासिका तत्त्वावर राबणारी माणसे मलाही ठाऊक आहेत. पण त्याच पंगतीत इंजिनिअर होऊन भलतेच काम करणारे दोघे जेवत होते. त्यांची चौकशी कोणी केली नाही.

आणि हे सारे सोलापुरात घडावे, याचा संताप अधिक. यतिवृषभ या जैन आचार्यांचा तिलोयपण्णत्ती हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केला, त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये आपल्या गावच्या जीवराज जैन ग्रंथमालेने छापला. भीमा-सीनेच्या संगमावर कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे; तिथे आपण सहली नेतो आणि डबे उघडतो. शेजारच्या तेरचा उल्लेख 'तगर' म्हणून पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे ते मोठे शहर, तिथून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराला जाई, असे तो अनामिक लेखक लिहून गेला. चादरीच्या गावाने तरी हे ग्रीक वाचणारा एखादा माणूस पोसायला हरकत नव्हती.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. काकांच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्या घराने काय दिवस काढले, हे मी पाहिले आहे. पोटाच्या काळजीने ते बोलले असतील, तर तेवढ्यापुरते मी समजू शकते. भटजीचा विनोद मात्र माफ नाही.

भाचीला सरांची ती गाथा मीच लहानपणी गोष्ट म्हणून सांगितली होती, तेव्हा घरात कोणाला दोष द्यायचा असेल तर तो मला द्यावा. ती जूनमध्ये जाते आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, विशेषतः जुन्या जैन कुटुंबांत, 'पाइअसद्दमहण्णवो' या प्राकृत कोशाची जास्तीची प्रत असेल, तर मला मेसेज करावा. योग्य किंमत देऊन घेईन आणि न्यायला स्वतः येईन.