रिपोर्ट कोरा आला म्हणून आजार खोटा ठरत नाही

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मजकूर आला: ‘मुलाची जीन टेस्ट नॉर्मल आली तर आजार जनुकीय नाही, नुसता अशक्तपणा आहे. आनुवंशिक असता तर घराण्यात आधी कुणाला तरी झाला असता. रोज पर्वती चढवा, पाय भक्कम होतील. आणि जनुकीय असलाच तर औषध नाही, पैसे घालवू नका.’ माझ्या भाच्याला डुशेन हा स्नायू झिजवत नेणारा जनुकीय आजार आहे, म्हणून उत्तर देते.

आधी टेस्टचं. बहुतेकदा ती एक्सोमची असते. जनुकातले कामाचे तुकडे, म्हणजे एक्सॉन, आणि त्यांच्या कडा तेवढ्या ती वाचते. डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन हे स्नायूला जपणारं प्रथिन बनत नाही. त्याचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्यातले ७९ एक्सॉन जोडून होणारा संदेश जेमतेम १४ हजारांचा. बाकीचं पेशी कापून टाकते. त्या टाकाऊ भागात खोलवर एखादं अक्षर बदलून कापण्याची खोटी खूण तयार झाली, तर नको तो तुकडा संदेशात शिरतो आणि प्रथिन बनत नाही. एक्सोम तिथे पोचतच नाही. भाच्याचं हेच झालं. मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून त्यातला आरएनए, म्हणजे हाच संदेश, तपासला तेव्हा उलगडा झाला. मधलं दीड वर्ष ‘तू लाडावलंयस त्याला’ हे माझ्या बहिणीनं ऐकलं.

घराण्यात कुणाला नाही? डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानंच झालेला असतो.

पर्वती मात्र नका हो चढवू. डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूला पायऱ्या उतरताना जास्त इजा होते, कारण तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो. फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच व्यायाम.

राहिलं औषध. ‘ध’चा ‘मा’ पुण्याला शिकवायला नको. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या जनुकीय आजारात एसएमएन-१ जनुक निकामी असतं. एसएमएन-२ ही त्याची जवळपास तशीच प्रत शिल्लक असते, पण सातव्या एक्सॉनमधलं एक अक्षर वेगळं. त्यानं प्रथिनातला शब्द बदलत नाही, तरी तो अख्खा एक्सॉन बहुतेक वेळा गळतो. न्युसिनर्सेन (अमेरिकेत मान्यता २०१६) आणि तोंडानं घ्यायचं रिस्डिप्लॅम (२०२०) तो गळू देत नाहीत. महाग आहेत, खरं आहे. पण जितकी लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त, आणि हा मजकूर नेमका तोच वेळ खातो.

भाच्याला ही औषधं लागू नाहीत. तो स्टेरॉइडवर आहे, आणि अजून स्वतःच्या पायांनी वर्गात जातो.