एका स्पेसचं शून्य

आज दुपारी सेकंड इयरची एक मुलगी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. हातात उघडा लॅपटॉप. स्क्रिप्टिंग लँग्वेजेसच्या तिसऱ्या असाइनमेंटला शून्य. यावर्षी तो कोर्स माझ्याकडे नाही, पण मागच्या सेमिस्टरला मी तिला शिकवलंय म्हणून आली असणार. स्क्रिप्ट बघितली. लॉग फाइल वाचायची, कोणता युजर किती वेळा आला ते मोजायचं, शेवटी बेरीज छापायची. सगळं बरोबर, मजकुरातला नमुना शोधायची रेग्युलर एक्स्प्रेशन तर एकदम सुबक. चूक एवढीच की 'टोटल' आणि पुढचा कोलन यांच्यामध्ये एक स्पेस पडली होती. ऑटोग्रेडर, म्हणजे आपोआप मार्क देणारा प्रोग्राम, अक्षराला अक्षर जुळवतो, ते जुळलं नाही, विषय संपला. सरांना विचारायला गेली तर उत्तर मिळालं, कोर्सची पॉलिसी वाचली नाहीस का, पान चार.

तेव्हापासून डोकं ठणकतंय माझं.

कारण मलाही असंच शून्य मिळालंय. पर्ल या स्क्रिप्टिंग लँग्वेजची पहिली असाइनमेंट, घरी विंडोजवर लिहिली, घरी मस्त चालली, युनिव्हर्सिटीच्या लिनक्स मशीनवर चढवली आणि तिथे एकदाही रन न करता झोपले. सकाळी शून्य. एरर काय, तर पर्लचा पूर्ण पत्ता आणि पुढे 'अशी फाइल नाही'. अहो पर्ल तिथेच होतं, मी डोळ्याने बघत होते! तणतणत माझ्या तेव्हाच्या सरांकडे गेले. ते एक शब्द बोलले नाहीत, शेजारी खुर्ची ओढली, फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला मोठा ए लावून, म्हणजे न दिसणारी कॅरेक्टरही दिसतील अशी, माझी फाइल उघडली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक कॅरेट (^) आणि एम. विंडोज ओळ संपवताना दोन कॅरेक्टर टाकतं, लिनक्स एकच टाकतं, ते जास्तीचं कॅरेक्टर पहिल्या ओळीत पर्लच्या नावाला चिकटलं आणि मशीन त्या भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधत बसलं. वीस मिनिटं समजावलं मला. शून्य मात्र शून्यच राहिलं, अर्धा मार्कसुद्धा दिला नाही.

म्हणून सांगते, माझा राग शून्यावर नाहीये. आमच्या मशीनवर चालली पाहिजे हा नियम कडक असलाच पाहिजे, या विषयात तर जास्तच. स्क्रिप्टिंगमध्ये बरीचशी चूक प्रोग्राम त्या ओळीवर पोचल्यावरच कळते, आधी कोणी अडवत नाही. दहा हा आकडा स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून आला आणि त्यात पाच मिळवले तर पर्ल 15 देतं, जावास्क्रिप्ट 105 देतं, पायथन एरर देऊन थांबतं. मग 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' याला काय अर्थ आहे? पण मग तुमचं मशीन कोणतं, व्हर्जन कोणतं, हे तरी लिहा ना! त्या पॉलिसीत नुसतं 'पायथन' लिहिलंय. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, पण जुन्या सर्व्हरवर अजून सापडतं ते, आणि तिथे साताला दोनने भागलं तर तीन येतात, पायथन 3 मध्ये साडेतीन. नऊ पानांची पॉलिसी, त्यात उशिराचे मार्क कसे कापणार याला दीड पान, आणि व्हर्जन नाही! सबमिट करण्याआधी चालवून बघायला एखादी सॅम्पल टेस्ट नाही, अपेक्षित आउटपुटची फाइल नाही. ती फाइल दिली असती तर त्या पोरीने डिफ, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड, मारून दोन सेकंदात ती स्पेस पकडली असती.

हो, सव्वाशे पोरांच्या स्क्रिप्ट हाताने तपासणं शक्य नाही, मान्य आहे, मीपण ऑटोग्रेडर वापरते.

पण पुढचं ऐका. ती गेल्यावर त्याच बॅचचा एक मुलगा भेटला, त्याला त्याच असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी. हॅश (कोणती गोष्ट आधी येऊन गेली याची नोंद ठेवता येणारा तक्ता) वापरून डुप्लिकेट काढायची पर्लची एक फेमस ओळ असते, ती त्याने वापरली होती. मी सहज विचारलं, ही काय करते रे? म्हणाला, "मॅडम, चालतंय ना ते." रागावू तरी कशी, त्याला कोर्सने तेवढंच मागितलं होतं. कॉपी चेकर लावलाय म्हणे. कोडमधलं साम्य शोधणारं मॉस हे टूल 1994 पासून आहे, मोठ्या प्रोग्रामला चांगलं काम करतं, पण ते दोन कोड सारखे आहेत इतकंच सांगतं, चोरी आहे का ते माणसानेच बघायचं असतं. आणि दहा ओळींची शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची छोटी यादी) सगळ्यांची सारखीच दिसणार, वेगळी कुठून आणतील? एआय वापराल तर नापास, हे तर ठळक अक्षरात. पकडणार कसं? एआयने लिहिलेलं ओळखायचं ओपनएआयचं स्वतःचं टूल त्यांनी जुलै 2023 मध्ये बंद केलं, अचूक नाही म्हणून. ज्यांनी ते यंत्र बनवलं त्यांना जमलं नाही आणि आपण पोरांना दम देतोय. जे प्रामाणिक आहेत ते घाबरतात, बाकीचे घाबरत नाहीत, हे आपण सगळे शिकवणारे जाणतो.

पाच मिनिटं समोर बसवा. तुझी ही ओळ काय करते सांग, ही फाइल रिकामी आली तर काय होईल सांग. सगळ्यांना दर वेळी नको, दर असाइनमेंटला वीस जण काढा, सेमिस्टरभरात प्रत्येकाची एक पाळी येते. वेळ जातो, हो जातो. माझ्यावरही वीस मिनिटं घालवली होती कोणीतरी, आणि आजही कुठली स्क्रिप्ट विचित्र वागली की पहिल्यांदा मी ओळींचे शेवट बघते.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तिच्या कोर्सचे ते सर वाईट नाहीत, त्यांच्याकडे तीन कोर्स आहेत आणि ती पॉलिसी त्यांच्या आधीच्यांनी लिहिलेली, त्यांनी तारखा बदलून पुढे चालवली. मीही माझ्या पहिल्या वर्षी तेच केलं होतं.

त्या मुलीचे मार्क बदला असं मी त्यांना म्हणणार नाही. तिलाही तसं सांगितलं, तिचे डोळे भरून आले, मग मी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघींनी तिचं आउटपुट आणि हवं असलेलं आउटपुट शेजारी शेजारी ठेवून ती स्पेस शोधली. तिलाच सापडली, मी फक्त कमांड सांगितली.

सोमवारी मीटिंग आहे. तीन गोष्टी मांडणार आहे, व्हर्जन लिहा, सॅम्पल टेस्ट द्या, पाच मिनिटांची तोंडी ठेवा. तुमच्यापैकी कोणी मोठ्या बॅचला अशी तोंडी घेत असेल तर वेळापत्रक कसं बसवता ते प्लीज आज उद्या कळवा.