चौथीपर्यंत गावची, पाचवीत शहरची

आज दुपारी गोव्यात डिचोलीतल्या एका सायबरवाल्याकडे मी सव्वा तास बसून होतो, आणि तेव्हापासून डोक्यात जे घोळते आहे ते इथे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही. पुतणीचा नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता. भाऊ औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो, वहिनीला संगणकाची भीती वाटते, म्हणून हे काम काकाकडे आले. पोरगी बरोबर होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी न घातलेला एक कागद होता, आणि त्या कागदावर तिची सही होती.

या सहीविषयी आधी सांगतो. अर्जासोबत पालकाची आणि उमेदवाराची, अशा दोन्ही सह्या स्कॅन करून जोडाव्या लागतात. दहा वर्षांच्या मुलीला सही कुठली असणार? काल रात्री जेवणे झाल्यावर तिने गेल्या वर्षीच्या कॅलेंडराची पाठकोरी पाने काढली आणि सही शोधायला बसली. सुरुवातीला वहीत लिहितात तसे ठळक, सुटे, पूर्ण नाव काढले. मग बापाची सही समोर घेतली आणि तिच्यासारखी आडनावाखाली रेघ ओढून रेघेखाली दोन टिंबे दिली. तीन पाने भरली. प्रत्येक वेळी मला विचारत होती, "काका, आता बरी आयली?" शेवटची जी आली, ती खरोखरच सही होती.

तर ती सही घेऊन आम्ही दुकानात बसलो, आणि सायबरवाल्या पोराने मुख्याध्यापकांच्या दाखल्यावरून माहिती भरता भरता मान वर न करता विचारले, "शहरी ना?" मी म्हटले, शहरी कसली बाबा, आमच्या वाड्यावर अजून संध्याकाळी मोबाईल लागत नाही. त्याने दाखल्यावर बोट ठेवले. मुलगी पाचवीत ज्या हायस्कुलात शिकते ते नगरपालिकेच्या हद्दीत आहे. त्यामुळे मुलगी शहरी.

नियम असा आहे. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना दिल्या जातात. परंतु ग्रामीण कोण, हे मूल राहते कुठे यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण वेळ ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेले मूल ग्रामीण. यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला, तरी ते मूल शहरी धरले जाते. एक दिवस! आमची पोर जूनपासून रोज सकाळी देवळाकडे बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट पाहत उभी राहते आणि बसमधून उतरली की शहरी होते. दुपारी त्याच बसने परत येते ती मात्र गावातच, आणि आल्यावर विहिरीचे पाणीही गावचेच भरते.

आता गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी थोडे सांगावे लागेल. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा साधारणपणे चौथीपर्यंत असते आणि पाचवीला मूल हायस्कुलात जाते. आमच्या गावच्या शाळेत पुतणीच्या वर्गात चार मुले होती. बाईंनी चौघांनाही इतके मनापासून शिकवले की मी त्यांच्यापुढे हात जोडतो. पण चौथीनंतर त्यांच्याजवळ देण्यासारखा वर्गच नव्हता. मग हायस्कूल कुठे? जिथे बालरथ नेईल तिथे. आणि बालरथ नगरपालिकेत नेतो. पलीकडच्या गावात एक हायस्कूल आहे हे मला माहीत आहे, कुणी तरी खाली ते लिहिणारच म्हणून आधीच कबूल करतो. तिथे जायला आमच्या वाड्यावरून बस नाही.

म्हणजे सरकारच्या एका हाताने गावात पाचवीचा वर्ग ठेवला नाही, आणि सरकारचाच दुसरा हात त्याच मुलीला विचारतो की तू पाचवीला गावात का नव्हतीस. राज्याचे खाते वेगळे आणि नवोदय केंद्राचे, हा फरक मला समजावून सांगू नका. दहा वर्षांच्या मुलीसाठी सरकार एकच असते.

यावर एका कार्यालयात मला मिळालेले उत्तर ऐका. सायबरवाल्याकडून उठून मी मुद्दाम तिथे गेलो. समोरच्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे ना? मग कोटा कशाला हवा? खुल्यातून येईल की." माझ्या तोंडावर आलेले शब्द मी गिळले, कारण पोर शेजारी उभी होती.

खुल्यातून म्हणजे काय, तेही हिशेबाने पाहू. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. उत्तर गोव्याचे नवोदय वाळपईला आहे, दक्षिणेचे काणकोणला; जिल्ह्याच्या मुलाला आपल्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो. ८० जागा धरल्या तर त्यांतल्या किमान ६० ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या २० सुद्धा फक्त शहराच्या नाहीत, त्यांत ग्रामीण मुलेही गुणांवर येऊ शकतात. म्हणजे आमच्या पोरीसाठी ६० जागांचे दार बंद झाले, आणि २० जागांच्या दारात ती पणजी-म्हापशाच्या, शिकवणीला जाणाऱ्या मुलांबरोबर उभी राहिली. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याची सोय नाही.

तिची शिकवणी म्हणजे आमचे घर. परीक्षेला दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यांतले ४० आकृत्यांचे, म्हणजे मानसिक क्षमतेचे. त्यात एक प्रकार असा की कागदाची घडी घालून भोक पाडले, तर घडी उलगडल्यावर भोके कुठे कुठे दिसतील ते ओळखायचे. तिला चित्रावरून ते कळेना. मग तिने वर्तमानपत्राचे चौकोन कापून, घड्या घालून कर्कटकाने भोके पाडायला सुरुवात केली. महिनाभर आमच्याकडे एकही धड वर्तमानपत्र नव्हते. माझी आई मृत्युलेखांचे पान वाचायला घेई तेव्हा निम्म्या मयतांना डोळे नसत. आरशातल्या प्रतिमेच्या प्रश्नांसाठी आईच्याच फणेरपेटीतला आरसा पळवला होता. आता भोके न पाडता सांगते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो, मनाविरुद्ध का होईना. हा नियम कुणी दुष्टपणाने केलेला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही विद्यालये देशभर उभी राहिली ती खेड्यातल्या हुशार मुलांना राहणे, जेवण, पुस्तके यांसह चांगले शिक्षण फुकट मिळावे म्हणून. शाळेऐवजी नुसता राहण्याचा पत्ता विचारला असता, तर शहरातल्या निम्म्या लोकांनी मूळ गावच्या जुन्या घराचा दाखला काढून आणला असता. आपल्याकडे तर प्रत्येकाचे कुठल्या तरी गावात जुने घर असतेच. हे मला समजते. पण चोर येऊ नये म्हणून घातलेल्या कडीने घरातलेच माणूस बाहेर राहत असेल, तर कडी तपासायला नको का? मुलगी तिसरी-चौथी गावच्या शाळेत शिकली याचा दाखला आहे, पंचायतीचा रहिवासी दाखला देता येतो, गावात पाचवीचा वर्ग नाही हे शिक्षण खात्याच्या नोंदीतच आहे. तीन कागद. एवढे पाहायला कुणाला वेळ नाही?

आणि राज्य कोणते? २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी मोजली गेली. जिथे गाव कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले हे बसच्या कंडक्टरलाही सांगता येत नाही, तिथे शाळेच्या भिंतीवरून मुलीचे गाव ठरवायचे! पुन्हा संताप येतो आहे. भावाने खाणी बंद पडल्यावर २०१८ साली ट्रक विकला. हॉस्टेलची फी भरून मुलीला बाहेर शिकवणे त्याच्या आवाक्यातले नाही. त्या घरासाठी वाळपई म्हणजे काय आहे, हे त्या कार्यालयातल्या गृहस्थांना मी कसे सांगणार होतो?

एक गोष्ट सांगायची नाही असे ठरवले होते, पण सांगतो. मी कार्यालयातून परत आलो तेव्हा सायबरवाला पोरगा हळूच म्हणाला, "दादा, मुदत संपल्यावर दुरुस्तीला दोन दिवस देतात. तेव्हा शहरीचे ग्रामीण करता येते. आता कोण बघतो?" त्याने चांगल्या मनानेच सांगितले. मी लगेच नाही म्हणालो नाही. निवड झाल्यावर कागद तपासतात आणि तेव्हा प्रवेश रद्द होतो, हे मला ठाऊक होते. तरीही मी खुर्चीत बसून चांगली दोन मिनिटे विचार केला. समोर पडद्यावर तिची सही उघडलेली होती. फोटो दहा ते शंभर केबीत बसवण्यासाठी त्याने कडा कापल्या होत्या आणि त्यात खालचे एक टिंब गेले होते. पोर पडद्याकडे पाहत म्हणाली, "काका, एक तिबो ना." त्याने पुन्हा स्कॅन केले. दोन्ही टिंबे आली. मग मी त्याला म्हटले, शहरीच राहू दे, पाठव.

पावतीच्या कागदावर पत्त्यात आमच्या गावाचे नाव आहे, पंचायतीचे आहे, तालुक्याचे आहे, आणि खाली चार ओळींवर 'शहरी' आहे. त्याच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक ग्रामसभेत ठेवणार, एक आमदारांकडे देणार, एक नवोदयच्या प्राचार्यांना पत्रासोबत. तुमच्या वाड्यावरचे कुणी पाचवीतले मूल याच फेऱ्यात सापडले असेल, तर आजच्या आज मला कळवा. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही, दहा जणांच्या सह्या असल्या तर निदान पत्र उघडून वाचतात. अकरावी सही तयार आहेच.