दुर्मिळ ग्रंथ लोकांपासून कसे वाचवावेत

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या दुर्मिळ विभागाची चावी नुकतीच तुमच्या हाती आली असेल, तर अभिनंदन. आता कसर, वाळवी, साताऱ्याचा पावसाळा आणि वाचक अशा चौघांशी गाठ आहे. पहिल्या तिघांपुढे कुणाचे काही चालत नाही, असा आजवरचा कार्यालयीन अनुभव. तेव्हा सगळा जोर चौथ्यावर लावावा.

येणारे कोण, ते आधी ओळखून ठेवा. कोरेगावकडचे एखादे निवृत्त गुरुजी येतील. घराण्याचे वतन कोणत्या साली मिळाले, ते त्यांना पाहायचे असते. जावळीचा एखादा तरुण येईल. आजोबांचे गाव कोयनेच्या जलाशयाखाली गेलेले. 1885 च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्ये त्या खोऱ्याबद्दल चार ओळी आहेत का, एवढेच त्याला बघायचे असते. यांपैकी कुणाकडेही विद्यापीठाचे ओळखपत्र नसते. अर्ज द्या म्हणावे. अर्जासोबत विभागप्रमुखांचे शिफारसपत्र मागावे आणि कोणत्या विभागाच्या प्रमुखांचे, ते सांगू नये. 'संशोधनाचा विषय' या रकान्यात 'आमचे गाव' असे लिहिलेले आढळल्यास अर्ज त्रुटीत काढावा. एखादा गठ्ठा ज्या घरातून देणगी म्हणून आला, त्याच घरातला नातू आला तरी नियम तोच. आजोबांनी कागद दिले, नातवासाठी सवलत लिहून दिली नाही.

तरीही कुणी चिवट निघाला, तर सूची पुढे करावी. सूचीसारखे कुलूप नाही. मूळ दाखल नोंदवहीत 'मोडी कागद, किरकोळ, 1 गठ्ठा' एवढी नोंद असते, ती तशीच राहू द्या. त्या गठ्ठ्याचा लाल रुमाल सोडून एकेका कागदावर क्रमांक घालणे, कुणी कुणाला लिहिले, कुठून आणि केव्हा, हे चार रकाने भरणे म्हणजे नसता उद्योग. तारखेचा तर घोळच असतो. कागदावर शक असेल तर 78 मिळवून इसवी सन येतो, पण सुहूर सन (मराठेशाहीच्या दफ्तरातली जुनी कालगणना) निघाला की कधी 599 मिळवायचे, कधी 600, कारण ते वर्ष मृगाला बदलते. एवढे कोण करत बसणार? 'दिनांक नाही' असे लिहावे. संगणकावरची यादी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर सोन्याहून पिवळे. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा असतो. त्यामुळे शोधाच्या चौकटीत 'सातारा' लिहिले की साताऱ्यातच सातारा सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, ही माहिती आपल्यापुरती ठेवावी.

आता जतन. स्टीलचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून, दार पूर्ण बंद करून ठेवा. भिंतीपासून सहा इंच सरकवले तर मागून हवा खेळते आणि जुलैत बुरशीला हवी तेवढी ओल जमत नाही. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी जोमात येते. 45 ते 55 मध्ये कागद सुखी असतो. आर्द्रता मोजायचे यंत्र काही शे रुपयांत येते, म्हणून ते खरेदी समितीपुढे नेण्याच्या लायकीचे नाही. वातानुकूलन यंत्र घ्यावे, सकाळी 10 ला लावावे आणि 5 ला बंद करावे. म्हणजे कागद दिवसा आकसतो, रात्री फुगतो आणि हा व्यायाम त्याला वर्षभर घडतो. वापरातल्या पुस्तकांना कसर कमी लागते, कारण ती हलतात, झटकली जातात, त्यांना उजेड लागतो. तुमच्या कपाटात मात्र तिला शांतता हवी. डांबरगोळ्या टाका, त्यांचा वास वाचकाला कसरीपेक्षा लवकर पळवतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावावी. दोन-चार वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन शेजारच्या पानाला धरतो आणि पुढे दोन्ही पाने एकदमच वाचता येतात. गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद वापरण्याची एक पद्धत आहे, पण ती जोडणी ओलाव्याने पुन्हा सोडवता येते. जे सुटू शकते ते टिकाऊ नाही, असा शेरा लेखापरीक्षणात येऊ शकतो. त्यापेक्षा लॅमिनेशन करा: कागदातले आम्ल आत कोंडले जाते आणि उष्णतेने बसलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. बांधणीसाठी बाजारातला नेहमीचा बाइंडर बरा. तो तिन्ही बाजू यंत्राखाली सपासप कापून देतो. समासात कुणी शंभर वर्षांपूर्वी पेन्सिलीने 'हे खोटे' असे लिहिलेले असेल, तर त्यातले 'खोटे' कचऱ्यात जाते आणि 'हे' तेवढे शिल्लक राहते. वर हिरवे रेक्झिन, सोनेरी अक्षरे. पुस्तक नव्यासारखे दिसते, आणि दुर्मिळ विभागात त्याहून मोठी कामगिरी कोणती?

एवढ्यात कुणीतरी डिजिटायझेशन हा शब्द काढेल. घाबरू नका, नीट केले तर तेही दार बंद करायच्या कामी येते. निविदा काढा, दर पानामागे ठेवा, सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम द्या. पानामागे पैसे म्हटल्यावर ऑपरेटर कोरी पाने इमानदारीने स्कॅन करतो आणि घडीचा नकाशा इमानदारीने वगळतो, कारण चार घड्या उलगडायला पाच मिनिटे जातात आणि पैसे एकाच पानाचे मिळतात. इंग्रजी व्हीच्या आकाराचा पाळणा, 90 ते 120 अंशांत उघडलेले पुस्तक आणि वरून कॅमेरा, ही थेरं नकोत. साधा सपाट स्कॅनर आणावा, पुस्तक पालथे घालावे, झाकण तळहाताने दाबावे. 'कट्' असा आवाज आला म्हणजे पुठ्ठ्याचा कणा मोकळा झाला. पुढची पाने भराभर होतात.

रंगीत स्कॅन मागू नका. ए-फोर आकाराचे एक पान 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके), 24 बिट रंगात, न आकसवता टिफ फाइल म्हणून ठेवले तर साधारण 46 एमबी होते. 300 पानांचे 14 जीबीच्या आसपास. शुद्ध काळे-पांढरे करून घ्या, फाइल कितीतरी लहान होते. पोथीत लेखनिकाने चुकलेल्या अक्षरावर ते झाकायला हरताळ, म्हणजे पिवळा खनिज रंग, लावलेला असतो. काळ्या-पांढऱ्यात तो कधी काळा ठिपका होतो, कधी नाहीसाच होतो आणि खोडलेले अक्षर पुन्हा जिवंत होऊन वाचकाकडे बघते. हरताळावर हरताळ फासण्याची सोय एरवी कुठे मिळते?

काय आधी स्कॅन करायचे, याबद्दलही सल्ला आहे. बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेला पेशवाईतला हातकागद दोनशे वर्षांनंतरही मऊ असतो. 1890 नंतरची वर्तमानपत्रे आणि मासिके मात्र लाकडाच्या लगद्याची, तुरटी घातलेली, हात लावला की पापडासारखी मोडतात. घाई दुसऱ्याची आहे. तुम्ही पहिल्याचे तीनदा स्कॅन करा. फोटोत हातकागदच चांगला दिसतो.

फाइलींना 'स्कॅन001' अशी नावे द्यावीत, प्रत्येक पुस्तकाला नव्याने 001 पासून. सगळे एकाच हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क त्याच कपाटात, त्याच पुस्तकांच्या शेजारी. तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत दुसऱ्या गावी, हा नियम जगभर पाळतात, पण जगाच्या उशाशी कृष्णा वाहत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फूट 6 इंचांवर गेले. तळमजल्यावरच्या पुस्तकांचे काय होते, हे तिथल्या ग्रंथपालांना विचारा. भिजलेल्या पुस्तकांवर 48 तासांत बुरशी धरू लागते, तोवर ती गोठवली तर नंतर सावकाश वाळवता येतात. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ आहेत. नुसत्या थंडाव्यानेही दोन-चार दिवसांची सवड मिळते, पण त्यांच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवणे अभद्रपणाचे दिसते. पाणी ओसरल्यावर पुस्तके गच्चीवर कडक उन्हात पसरावीत. पुठ्ठे पन्हळीसारखे वाकतात, शाई उडते आणि पंचनामा सोपा होतो.

एवढे करूनही स्कॅन तयार झाले आणि लोकांनी ते मागितले, तर 'कॉपीराइट' म्हणा. हा शब्द उच्चारल्यावर सातारकरही आवाज खाली आणतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे मोजतात. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस 1926 मध्ये गेले, म्हणजे 60 वर्षे धरली तरी त्यांच्या लेखनावरचा हक्क 1986 नंतर उरत नाही. हे गणित बोटांवर होते, म्हणून कुणी करत नाही. प्रत आपल्या कपाटात आहे याचा अर्थ हक्कही आपला आहे, असाच चेहरा ठेवावा. आणि पारसनीसांचा संग्रह साताऱ्याहून पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला, याबद्दल दर भाषणात गळा काढायला विसरू नये. तिथे तो अभ्यासकांना बघायला मिळतो, हे वाक्य भाषणात बसत नाही.

फारच दबाव आला तर प्रदर्शन भरवा. दिवस ठरलेले आहेत: 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, आणि 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून 3 ऑक्टोबरही. काचपेटी, आत ट्यूबलाइट. जुन्या शाईला 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर उजेड नको असतो, पण फोटोला लागतो. चित्र असलेले पान उघडा, ते मिटू नये म्हणून दोन्ही बाजूंना पेपरवेट ठेवा. सर्वांना रांगेने लांबून पाहू द्या, पान उलटायला कुणी सांगितले तर हसून मान हलवा. 5 वाजता पुस्तक कपाटात, चावी खिशात. पुढच्या वर्षी पान शोधायची खटपट करू नका. पुस्तक टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. ते आपोआप त्याच पानावर उघडते.