नामानिराळे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तराला चार दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. तुमच्या प्रतिक्रियेतलं बरंचसं मला पटलं आहे, आणि ते नेमकं कुठपर्यंत पटलं हे स्वतःशी ठरवल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मूळ लेख 20 ऑक्टोबर 1973 च्या शनिवारबद्दल होता. वॉटरगेट प्रकरणाचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचा आणि ती दडपण्याच्या प्रयत्नांचा, तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातल्या ध्वनिफिती मागत होते. त्यांना काढून टाका, असा हुकूम निक्सन यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एलियट रिचर्डसन यांना दिला. रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. तिसरे, सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क, यांनी सही केली. रात्री साडेआठच्या सुमारास घोषणा झाली, कॉक्स यांची कार्यालयं एफबीआयनं ताब्यात घेतली आणि देशभर खळबळ उडाली.

त्यावर तुम्ही लिहिलंत की राजीनाम्याचं मी उदात्तीकरण केलं. रिचर्डसन नामानिराळे झाले, काम बोर्ककडून झालंच, मग साधलं काय? लोकांच्या तारा (टेलिग्राम) आणि गाड्यांचे भोंगे हा दोन दिवसांचा गोंगाट. तुम्ही स्वतः तीस वर्षं सरकारी नोकरीत काढलीत, न पटलेल्या प्रस्तावांवर प्रतिकूल शेरे लिहिलेत, त्यापायी दोन बदल्या सोसल्यात, पण खुर्ची सोडली नाहीत, कारण तुमच्या जागी येणारा माणूस तो शेराही लिहिणार नव्हता. आणि शेवटी विचारलंत, अमेरिकेचं कौतुक सोपं आहे, आपल्याकडचं का लिहीत नाही?

‘नामानिराळे’ हा तुमचा शब्द मला बोचला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. घरात भांडण लागलं की जो अंगणात जाऊन उभा राहतो तो नामानिराळा. रिचर्डसन तसे होते का? ते ॲटर्नी जनरल होते जेमतेम पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांच्यावरचं लाचखोरीचं प्रकरण शेवटाला नेलं. ॲग्न्यू यांना तुरुंगात पाठवता आलं असतं की नाही, हा वाद आजही होतो. रिचर्डसन यांनी विचार केला तो असा की निक्सन उद्या गेले तर हाच माणूस राष्ट्राध्यक्ष होईल, तेव्हा आधी त्याला त्या रांगेतून बाहेर काढलं पाहिजे. करचुकवेगिरीच्या एका आरोपावर तडजोड झाली आणि 10 ऑक्टोबरला ॲग्न्यू यांनी पद सोडलं. म्हणजे त्या शनिवारच्या बरोब्बर दहा दिवस आधी. आत राहून लढायचं म्हणजे काय, ते या माणसानं करून दाखवलेलं होतं. मूळ लेखात मी ॲग्न्यू यांचा उल्लेखच केला नाही, ही माझी मोठी चूक. तो असता तर तुमचा आक्षेप कदाचित वेगळा असता.

मग शनिवारी ते का गेले? मे महिन्यात त्यांची नेमणूक सिनेटसमोर आली तेव्हा त्यांनी जाहीर शब्द दिला होता. विशेष अभियोक्त्याला मोकळेपणानं काम करू देईन आणि अत्यंत गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय त्याला काढणार नाही, असा. हा शब्द पुढे खात्याच्या नियमांतही उतरला. त्या शब्दावरच सिनेटनं त्यांना मंजुरी दिली होती. निक्सन यांनी त्यांना सांगून पाहिलं की मध्यपूर्वेत युद्ध पेटलंय, किसिंजर मॉस्कोला आहेत, निदान थोडं थांबा, आपला खासगी शब्द देशहितापेक्षा मोठा मानू नका. मला वाटतं सगळी गोम त्या ‘खासगी’ शब्दात आहे. तुम्हीही जवळपास तेच म्हणता, की आपली अब्रू राखायला ते गेले. पण तो शब्द त्यांच्या मालकीचा नव्हताच. तो सिनेटला दिलेला होता, म्हणजे लोकांना दिलेला. खुर्चीत बसून तो मोडणं किंवा खुर्ची सोडणं, एवढे दोनच रस्ते उरले होते.

इथे तुमच्या अनुभवाकडे येतो. प्रस्तावावर प्रतिकूल शेरा लिहिण्याची सोय जोवर आहे तोवर राहावं, हे मला मान्य आहे. पुढेमागे कुणी ती फाईल उघडतं, तो शेरा सापडतो. तुमच्या दोन बदल्यांमागे काय काय सोसणं आलं असेल याची कल्पना करू शकतो आणि त्याबद्दल मनात आदर आहे. पण त्या शनिवारी रिचर्डसन यांच्यापुढे शेरा लिहायचा प्रस्ताव नव्हता. स्वतःच्या सहीनं काढायचा आदेश होता.

बोर्क यांच्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, मी कडक लिहिलं. त्यांनी सिनेटला तसला कुठलाही शब्द दिलेला नव्हता. सही करून आपणही जावं असं त्यांच्या मनात होतं, तेव्हा खुद्द रिचर्डसन यांनीच त्यांना थांबायला सांगितलं, कारण खात्यात वरचं कुणीच उरलं नसतं. हे मला ठाऊक होतं आणि गोष्ट ठसठशीत व्हावी म्हणून मी ते गाळलं. तसं करायला नको होतं. तरी एक गोष्ट राहतेच. 14 नोव्हेंबरला न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी निकाल दिला की कॉक्स यांना काढणं बेकायदा होतं, कारण तो नियम अजून लागू होता. आणि 1987 मध्ये बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी आलं तेव्हा चौदा वर्षांपूर्वीची ती सही पुन्हा निघाली. सिनेटनं त्यांना 58 विरुद्ध 42 मतांनी नाकारलं. त्याला इतर कारणं जास्त होती, पण हेही होतं.

आता गोंगाट. व्हाइट हाउससमोरून जाणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, कारण महाभियोग हवा असेल तर भोंगा वाजवा असे फलक घेऊन माणसं रस्त्याकडेला उभी होती. हे चित्र मलाही फार आवडतं, म्हणून मी त्यावर दोन परिच्छेद खर्च केले. त्यानं तुमचा गैरसमज झाला असेल तर दोष माझा. खरं काम तारांनी केलं. दहा दिवसांत साडेचार लाखांच्या आसपास तारा वॉशिंग्टनला पोचल्या असं सांगतात. तार करायला पैसे पडत. नाव द्यावं लागे. आणि त्यातल्या कितीतरी तारा निक्सन यांना नव्हत्याच, त्या आपापल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला होत्या. महाभियोगाचं नाव काढायला कचरणाऱ्या माणसाच्या टेबलावर त्याच्याच मतदारांच्या तारांचा ढीग लागला.

म्हणून पुढच्या तारखा बघा. शनिवारी राजीनामा. सोमवारी सुट्टी. मंगळवारी, 23 ऑक्टोबरला, निक्सन यांच्या वकिलानं ध्वनिफितींचा खटला ऐकणारे न्यायाधीश सिरिका यांच्यासमोर सांगितलं की ध्वनिफिती देतो. ज्या फिती द्यायच्या नाहीत म्हणून तीन माणसं घालवली, त्याच! त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहात महाभियोगाचे ठराव दाखल झाले आणि पीटर रोडिनो यांच्या न्यायविषयक समितीकडे काम गेलं. 1 नोव्हेंबरला लिऑन जवोर्स्की यांना नवे विशेष अभियोक्ता नेमावं लागलं आणि त्यांनी कॉक्स यांचाच धागा पुढे ओढला. 24 जुलै 1974 ला निक्सन यांनी ध्वनिफिती द्याव्यात असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 8 विरुद्ध 0 मतांनी दिला आणि 9 ऑगस्टला निक्सन गेले. दोन दिवसांचा गोंगाट दहा महिने चालला.

आणि हे एकमतानंही झालं नाही. त्या दिवसांतल्या एका जनमत चाचणीत महाभियोगाच्या बाजूनं 44 टक्के होते, विरुद्ध 43. लोक अर्धे अर्धे दुभंगलेले होते, निक्सन यांच्यावर विश्वास असलेली माणसं कोट्यवधी होती. अख्खा देश एका आवाजात उठला असं माझ्या लेखातून ध्वनित होत असेल तर ते चूक आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जिव्हारी लागला. आपल्याकडचं का नाही?

त्याच वर्षाचं सांगतो. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, 7 विरुद्ध 6: संसदेला राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सरकारनं, सरकारविरुद्ध कौल देणाऱ्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमलं. तिघांनी राजीनामे दिले. वकील मंडळी चिडली, सभा झाल्या, ठराव झाले, संसदेत खडाजंगी झाली. पण वकिलांच्या बाररूमबाहेर फारसं काही हललं नाही. महाराष्ट्रात तर तो बहात्तरच्या दुष्काळाचा सर्वांत कठीण उन्हाळा होता. लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. न्यायमूर्तींची ज्येष्ठता कुणी मोडली, याची चिंता त्यांनी कशी करावी? मी त्यांना दोष देत नाही. मात्र ज्यांची पोटं भरलेली होती आणि ज्यांना हे कळत होतं, तेही बहुतेक गप्प राहिले.

दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्या गप्प राहण्याची किंमत वसूल झाली. आमच्या घरातूनही झाली. माझे थोरले काका मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूनं कौल दिला होता, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. घरी आशा होती. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयानं 4 विरुद्ध 1 मतांनी ती संपवली. काकूला ‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे काय ते वडिलांनी समजावून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे आता विचारायचंसुद्धा नाही का, का धरलंय म्हणून?”

त्या खटल्यात सरकारची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल नीरेन डे उभे होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी त्यांना विचारलं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरापोटी माणूस ठार मारला तरी दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर डे यांना द्यावं लागलं. आता आठवा, आणीबाणी जाहीर होताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी राजीनामा दिला होता. ते ‘आत राहून लढले’ असते तर काय लढले असते? सरकारच्या वकिलाला आत राहून सरकारचंच म्हणणं मांडावं लागतं. फाईलवर शेरा लिहायची सोय तिथे नसते. म्हणून विधी अधिकाऱ्याचा राजीनामा मी इतर राजीनाम्यांहून वेगळा धरतो.

न्यायमूर्तींचं तसं नाही. खन्ना यांनी आधी विरोधी निकाल लिहिला आणि खुर्चीत राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं, तेव्हा गेले. त्यांनी तुमचा रस्ताही धरला आणि रिचर्डसन यांचाही, ज्या त्या वेळी. बहुमतातल्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे 1978 मध्ये, स्वतः सरन्यायाधीश असताना, त्यांनी एका जाहीर भाषणात खंत व्यक्त केली की पद सोडून लोकांना कायदा असा आहे म्हणून सांगण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही. हे मी त्यांच्यावर बोट ठेवायला लिहीत नाही. राहिलेल्या माणसालाही न सोडलेल्या खुर्चीचा सल राहतो, एवढंच त्यातून मला दिसतं. तो निकाल चुकीचा होता, असं 2017 च्या खासगीपणाच्या निकालात त्यांच्याच मुलानं लिहिलं. मधे एकेचाळीस वर्षं गेली. काकू तोवर नव्हती.

नरिमन यांच्या राजीनाम्यानंतर तारांचा पाऊस पडला नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि तार करणाऱ्याला भीती होती. तुम्ही म्हणता की लोकांच्या प्रतिक्रियेनं काही होत नाही. मग सरकारनं पहिल्या रात्रीच दिल्लीतल्या छापखान्यांची वीज का तोडली?

दोन दुरुस्त्या मूळ लेखात आज करतोय. ॲग्न्यू यांच्यावर एक परिच्छेद वाढवतो आणि बोर्क यांच्याबद्दलचं शेवटचं वाक्य काढून टाकतो. रकल्सहाउस यांना मी एका ठिकाणी ‘राजीनामा दिला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बडतर्फ’ लिहिलंय, तेही तुम्ही अचूक पकडलंत. त्यांनी राजीनामा दिला होता, व्हाइट हाउसनं मात्र त्यांना काढल्याचं जाहीर केलं. दोन्ही तिथे लिहितो.

आणि एक विनंती. त्या दोन बदल्या ज्या शेऱ्यांमुळे झाल्या, ते शेरे काय होते, पुढे त्या फाइली कुणी उघडल्या का, हे नावं-गावं वगळून लिहून पाठवाल का? इथे तुमच्याच शब्दांत छापेन, काटछाट न करता.

आपला,
लेखक