दुसऱ्याच्या ओरखड्यांचे पैसे

कोऱ्या गिटारवर चरा पडला की दुकानदार किंमत उतरवतो. तोच चरा ब्रिटिश वादक एरिक क्लॅप्टनच्या गिटारवर जिथे आहे तिथेच, तेवढाच खोल, कारखान्यातल्या कारागिरानं मुद्दाम पाडला की किंमत लाखांनी चढते. ज्यांना हे पटतं ते बड्या वादकांच्या गिटारींच्या हुबेहूब प्रती विकत घेतात. ज्यांना पटत नाही, त्यांच्याशी या मंडळींची लग्नं झालेली असतात.

क्लॅप्टननं 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. तीन त्यानं हॅरिसन, टाउनशेंड आणि विनवुड या मित्रांना वाटल्या, आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जुळवून ‘ब्लॅकी’ केली. 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती 9,59,500 डॉलरना गेली. मग 2006 मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपनं तिच्या 275 प्रती काढल्या, प्रत्येकी 24,000 डॉलर. वाजवताना क्लॅप्टन पेटती सिगारेट हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर, अडकवून ठेवायचा, त्याचा डागही प्रतीवर आहे. आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाला तो घरबसल्या मिळतो.

रॉक वादक एडी व्हॅन हेलनची ‘फ्रँकेन्स्टाइन’ तर याच्याही पुढची. मूळ गिटार त्यानं 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरचा नेक, म्हणजे दांडा, जोडून केली. 2007 मध्ये तिच्या 300 प्रती निघाल्या, 25,000 डॉलरला एक. गिटारवर एकच बटण आहे. त्यावर ‘टोन’ लिहिलंय आणि ते काम करतं व्हॉल्यूमचं. नेककडचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक आणि तारेचं वेटोळं, कशालाच जोडलेला नाही. त्यातून आवाज येत नाही म्हणून तक्रार करू नका. आला तर करा. बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजच्या कोपऱ्याखाली पाव डॉलरचं नाणं आहे, ब्रिज मागे कलू नये म्हणून. नाणं 1971 चंच हवं. 1972 चं निघालं तर कुणीतरी हात मारलाय असं समजा.

खरी गंमत अशी की मूळ मालकानं गरजेपोटी केलेला प्रत्येक जुगाड इथे धर्मशास्त्र होतो. ब्लूज वादक स्टीव्ही रे व्हॉनच्या गिटारवर डावखुऱ्यांचा ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं स्वर हलवायचा ब्रिज, होता, म्हणून 2004 मध्ये निघालेल्या शंभर प्रतींवरही तोच. दांडी जाड तारांच्या बाजूला येते आणि उजव्या हाताला रोज चुकवते. तो 13 च्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या 13 हजारांश) जाड तारा लावायचा आणि अर्धा स्वर खाली उतरवून वाजवायचा. तुम्ही 9 च्या तारा लावल्यात तर गिटार त्याची दिसेल आणि वाजेल शेजारच्या मुलाची. 13 च्या लावल्यात तर आठवडाभर भात चमच्यानं खावा लागेल.

ब्रिटिश वादक पीटर ग्रीनच्या ‘ग्रीनी’ या 1959 च्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारमध्ये नेकच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की आवाज बारीक आणि नाकातून येतो, आणि त्याच्यावर जग फिदा आहे. प्रत तपासायची तर स्विच मधे ठेवा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आवाज पोकळ यायला हवा, आणि एक व्हॉल्यूम जरा उतरवला की भरदार व्हायला हवा. हीच करामत साध्या लेस पॉलवर फुकटात होते. पिकअपचं कव्हर असेल तर त्याचं डाख सोडवायचं, खालचे चार स्क्रू सैल करायचे, चुंबकाची पट्टी बाहेर सरकवून पालथी घालायची. आतली तार केसाहून बारीक असते, ती तुटली की पिकअप मुका. पण पिकअप मेला तरी नवा केवढ्याचा येतो, ते या हजारो डॉलरांच्या शेजारी मांडून बघा.

जुनेपण आणायची रीत ठरलेली आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ मारायचं, एकदम थंड करून किंवा पात्यानं त्यावर बारीक भेगा पाडायच्या, कोपर घासतं तिथलं लाकूड उघडं करायचं, मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे काढायचे आणि स्क्रू-ब्रिज आम्लाच्या वाफेवर गंजवायचे. गिब्सनच्या मर्फी लॅबमध्ये तर याच्या पायऱ्या आहेत, अल्ट्रा लाइटपासून अल्ट्रा हेवीपर्यंत. मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचा ‘साहेबाच्या वेळचा’ ग्रामोफोन विकणारा त्याचं जुनेपण नवं आहे हे लपवतो. इथे त्याचंच प्रमाणपत्र देतात, सहीनिशी.

फ्रेटबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेल्या फळीचं, लाकूडही बघून घ्या. जुन्या गिटारींवर ब्राझिलियन रोजवुड असायचं. ते 1992 पासून सायटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. आता बऱ्याचदा भारतीय रोजवुड वापरतात, म्हणजे पश्चिम घाटात वाढणारं आपलं शिसव. ते अमेरिकेला जाऊन कुणाच्या तरी घामाचे खोटे डाग घेऊन परत येतं.

गिटार घरी आली की तिच्याबरोबर आलेले दोष कामाला लागतात. जुन्या धर्तीच्या फेंडरच्या फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या 7.25 इंच असते. तारा फार खाली ठेवल्या की वरच्या फ्रेटवर तार ओढताना स्वर घशातच मरतो. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 1.6 ठेवा, त्याखाली उतरू नका. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप गुणगुणतात. अमेरिकेतल्या विजेच्या साठ सायकलवर गुणगुणतात, इथल्या पन्नासवर. मधला पिकअप उलटा गुंडाळला तर दोन पिकअप मिळून ही गुणगुण थांबते, पण तसं केलं तर प्रत अस्सल राहत नाही. म्हणून ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून, उकाड्यात, गिटारचं तोंड फिरवत योग्य दिशा शोधायची.

ट्रस रॉडची, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची, सोय तर ज्यानं केली त्याला साष्टांग नमस्कार. जुन्या धर्तीच्या फेंडरमध्ये तिचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत. कोकणातल्या पावसाळ्यात नेक वाकला की पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्याजवळची फट बघायची. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. नसेल तर तारा ढिल्या करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उचला, नट फार तर पाव फेरा फिरवा, पुन्हा बसवा, सुरात आणा, मोजा. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवायचा. टक् करून जुन्या आट्यात पडला की मग सुलटा आवळायचा. घाईत सरळ आवळला तर लाकडात नवे आटे पडतात आणि चार-दोन वेळांत भोक सैल होतं.

स्टँडच्या रबराला नायट्रो लॅकर टेकू देऊ नका. ते मऊ पडून चिकटतं आणि कायमचा डाग उमटतो. मधे धुतलेली सुती पंच्याची घडी ठेवा. कारण हा डाग क्लॅप्टनच्या गिटारवर नाही. पुढे विकायला काढलीत तर गिऱ्हाईक भिंग आणि मूळ गिटारचे फोटो घेऊन येतं. फोटोतला प्रत्येक ओरखडा गिटारवर सापडला की मान डोलावतं, आणि फोटोत नसलेला तुमच्या नखाचा एक चरा दिसला की पैसे कापतं.