बॅलॉफ गात नाही, अंगावर येतो

एक्झोडस या अमेरिकन थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक मेटल) बँडने आपला ‘बॉन्डेड बाय ब्लड’ हा अल्बम नव्या गायकासह, रॉब ड्यूक्ससह, ‘लेट देअर बी ब्लड’ या नावाने पुन्हा रेकॉर्ड केला, त्यावरचा लेख वाचला. ड्यूक्स जास्त नेमकं गातो, म्हणून ते रेकॉर्डिंग मूळ अल्बमपेक्षा सरस, हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. १९८५च्या मूळ ‘बॉन्डेड बाय ब्लड’मध्ये तेव्हाचा गायक पॉल बॅलॉफ मुळी गातच नाही, अंगावर येतो. आता ताल सुटतोय की काय, असं वाटत राहतं आणि त्या धाकधुकीतच मजा आहे. ड्यूक्सचं काम चोख आहे, पण २००८चं ते रेकॉर्डिंग ऐकताना मला एकदाही धडकी भरली नाही.

बाकी आवाजाच्या दर्जाबद्दल लेखकाशी सहमत. हॉस्टेलवर मित्राने दिलेल्या कॅसेटवर (कितव्यांदा डब केलेली देव जाणे) टॉम हंटिंगचे ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे वाजायचे. नव्यात गॅरी होल्टचे गिटारचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे) सुटे सुटे ऐकू येतात. माझ्यासारख्या घरच्या घरी गिटार बडवणाऱ्याला त्याचा फार उपयोग झाला. आणि हो, बॅलॉफ २००२मध्येच गेला, हे लेखात यायलाच हवं होतं. मूळ गायक हयात असताना त्याला डावलून केलेला हा उद्योग नाही.